जुन्या गाडीचे दिवे: दोष शोधायचा तो कोणत्या क्रमाने

बल्ब नवा, बॅटरी नवी, स्विचही बदलून झाला, तरी हेडलाइट पणतीसारखा मिणमिणतो. जुनी गाडी सांभाळणाऱ्या बहुतेकांची ही तक्रार असते आणि तीत दोष भागांचा क्वचितच असतो. चूक होते ती क्रमात. आधी भाग बदलले जातात आणि मग, जमलंच तर, मीटर लावला जातो. तोही दिवा बंद ठेवून. मीटर १२ व्होल्ट दाखवतो, म्हणून ‘सप्लाय येतोय’ असं ठरतं आणि शोध भलत्याच दिशेला जातो.

या लेखात एकाच गोष्टीवर भर आहे: दिवा पेटलेला असताना मोजायचं, आणि व्होल्ट कुठे हरवतात ते पावलापावलाने शोधायचं. उदाहरणं ल्युकस (गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या वायरिंगची आहेत, म्हणजे मॉरिस मायनर, लँडमास्टर, जुनी अँबॅसडर या घराण्यातल्या गाड्यांची. फियाट किंवा पद्मिनी असेल तरी टप्पे हेच, फक्त खाली दिलेले वायरींचे रंग तिथे लावू नका.

## तयारी

बॅटरीपासून सुरुवात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसायला हवेत. मग इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा आणि दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा १२ च्या आसपास राहिला तर पुढे चला. भराभर साडेअकराच्या खाली गेला तर आधी बॅटरी चार्ज करा किंवा तपासून घ्या. अर्धमेल्या बॅटरीवर घेतलेली मापं फसवी असतात.

हत्यारं. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. त्याच्याबरोबर एक टेस्ट लॅम्प मात्र घरीच बनवा: २१ वॅटचा १२ व्होल्टचा इंडिकेटरचा बल्ब, त्याचा होल्डर, दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप. दुकानात पेनासारखा टेस्टर मिळतो, पण त्यातला बल्ब फार कमी करंट ओढतो. आपल्याला वायरवर ओझं टाकायचं आहे. शिवाय चार-पाच मीटर लांबीची एक सुटी वायर हवी, म्हणजे डिकीतल्या दिव्याजवळ बसून बॅटरीच्या टोकापर्यंतचं माप घेता येतं. बारीक पॉलिश पेपर, पितळी ब्रश, व्हॅसलिन, योग्य वॅटचे बल्ब, योग्य फ्यूज, वही आणि पेन्सिल. वही लागतेच. तिसऱ्या मापानंतर पहिलं लक्षात राहत नाही.

गाडी पॉझिटिव्ह अर्थ की निगेटिव्ह? बॅटरीची कोणती वायर बॉडीला गेली आहे ते डोळ्यांनी पाहा. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या पुष्कळशा ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं. काही गाड्या मधल्या काळात कोणीतरी उलटवून निगेटिव्ह केलेल्या असतात, म्हणून पुस्तकावर किंवा मागच्या मालकाच्या शब्दावर विसंबू नका. साध्या बल्बला याने फरक पडत नाही. एलइडी, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) आणि डायोड बसवलेला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) यांना पडतो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मीटरने आकड्याआधी वजाची खूण दाखवली तर ती सोडून द्या, आकडा घ्या.

रंग ओळखून ठेवा. ल्युकस पद्धतीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीचा थेट सप्लाय, फ्यूज नसलेला. पांढरी इग्निशन स्विचमधून येते, हिरवी त्याच सप्लायची फ्यूजनंतरची. निळी हेडलाइटच्या स्विचपासून पायाच्या डिपर स्विचपर्यंत, निळी-पांढरी अप्परची (लांबचा झोत), निळी-लाल डिपरची (खालचा झोत). लाल पार्किंग, टेल आणि नंबर प्लेटची. हिरवी-लाल डाव्या इंडिकेटरची, हिरवी-पांढरी उजव्या, हिरवी-जांभळी ब्रेक लाइटची. काळी अर्थची. कापडी वेष्टणाच्या वायरींचे रंग उडून सगळ्या मातकट दिसतात. अशा वेळी जोडावरची रबरी स्लीव्ह थोडी मागे सरकवा. आत ऊन-धूळ पोचलेली नसते, मूळ रंग तिथे सापडतो.

> सावध: या घराण्यातल्या अनेक गाड्यांत हेडलाइटच्या सर्किटला फ्यूजच नसतो. तिथे शॉर्ट झाला तर फ्यूज उडत नाही, हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, जळतो. स्विच किंवा जोड उघडण्याआधी बॅटरीची अर्थची वायर काढा, ती पॉझिटिव्ह असो की निगेटिव्ह. अंगठी आणि धातूचं घड्याळ उतरवा. कार्ब्युरेटर किंवा पेट्रोल पंप पाझरत असेल तर ते काम आधी.

## टप्पा १: काहीही न उघडता लक्षणं लिहा

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, एक माणूस मदतीला घ्या आणि प्रत्येक दिवा लावून पाहा: पार्किंग, डिपर, अप्पर, टेल, नंबर प्लेट, ब्रेक, चारही इंडिकेटर. मग जोड्या करून पाहा. टेल लावून ब्रेक दाबा, ब्रेक दाबून इंडिकेटर द्या, हेडलाइट लावून हॉर्न वाजवा. दोष पुष्कळदा एकट्या दिव्यात दिसत नाही, दोन एकदम लागले की उघडा पडतो.

एकच दिवा गेला असेल तर बल्ब, होल्डर, त्याचं अर्थिंग किंवा त्याची शेवटची वायर. एकाच कामाचे दोन्ही दिवे गेले असतील, म्हणजे दोन्ही डिपर किंवा दोन्ही ब्रेक लाइट, तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे: स्विच, फ्यूज किंवा मधला जोड. एका बाजूचे सगळेच दिवे वेडेवाकडे वागत असतील तर त्या बाजूचं अर्थिंग. सगळी गाडीच मंद असेल तर बॅटरीची टोकं, अर्थचा पट्टा किंवा मुख्य तपकिरी वायर.

ब्रेक दाबल्यावर टेल विझतो आणि इंडिकेटर मंद पेटतो, हे लक्षण दिसलं तर फ्यूज किंवा स्विच शोधायला जाऊ नका. ते अर्थिंगच आहे. करंटला बॉडीतून परतायची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बच्या तारेतून वाट काढतो. माझ्या गाडीत हेच होतं. एका गॅरेजने त्यावर फ्लॅशर आणि ब्रेकचा स्विच असे दोन्ही बदलले. दोष होता दिव्याच्या घराखाली बसवलेल्या नव्या रबरी गॅस्केटमध्ये: त्याने दिवा बॉडीपासून तोडला होता.

डायनॅमोच्या (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या जुन्या यंत्राच्या) गाडीत इंजिन आयडलवर असताना दिवे थोडे पिवळे पडणं आणि रेस दिल्यावर उजळणं हा दोष नव्हे. आयडलवर डायनॅमो चार्ज करत नाही, दिवे बॅटरीवर चालतात. रेस दिल्यावरही उजळले नाहीत, तर मात्र चार्जिंगकडे पाहावं लागेल.

## टप्पा २: बल्ब आणि होल्डर

बल्ब काढा आणि थेट बॅटरीवर लावून पाहा. तार शाबूत दिसते म्हणून बल्ब चांगला असं धरू नका, तार आधारापाशी सुटलेली असू शकते. बल्बच्या पितळी बुडावर व्होल्ट आणि वॅट कोरलेले असतात, ते वाचा. जुन्या गाडीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या वॅटचे बल्ब निघणं नेहमीचं आहे.

टेल आणि ब्रेकचा एकत्र बल्ब २१/५ वॅटचा असतो आणि त्याच्या दोन पिना मुद्दाम खालीवर असतात, म्हणजे तो उलटा बसू नये. समोरासमोर पिना असलेला दोन तारांचा बल्ब कोणी दाबून बसवला असेल, किंवा होल्डर झिजून बल्ब उलटा बसत असेल, तर टेलच्या जागी २१ वॅटची तार पेटते आणि ब्रेक दाबल्यावर उजेड जेमतेम बदलतो. मागच्या गाडीवाल्याला तुम्ही ब्रेक लावला हे कळतच नाही. हा दोष धोक्याचा आहे, आणि दिवा तर लागतोय म्हणून महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

होल्डरमध्ये तीन जागा पाहायच्या. तळाचा स्प्रिंगवर बसलेला संपर्कबिंदू बोटाने दाबल्यावर परत वर यायला हवा. तो ज्या फायबरच्या चकतीत बसतो ती तडकलेली नसावी. आणि होल्डरची आतली भिंत, जिथून अर्थ मिळतो, ती चकचकीत हवी. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत याच भिंतीवर हिरवट-पांढरा थर धरतो. पॉलिश पेपरची सुरळी करून आत फिरवा, पुसून घ्या, व्हॅसलिनचा पातळ हात द्या.

> तपासा: होल्डर साफ केल्यावर बल्ब हाताने हलवा. लुकलुकत असेल तर स्प्रिंग गेली आहे. पितळी तुकडा घुसवून तात्पुरतं भागवू नका, होल्डर बदला.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डागापाशी काच तापून बल्ब लवकर जातो.

## टप्पा ३: अर्थिंग

फ्यूज आणि स्विच यांच्या आधी अर्थिंग. जुन्या गाडीत परतीची वाट म्हणजे बॉडीचा पत्रा. त्या वाटेवर गंज, लांबी (पुट्टी), प्रायमर आणि रंग यांचे थर बसलेले असतात. नुकत्याच रंगवलेल्या गाडीत तर हाच पहिला संशयित. रंगाऱ्याने सुंदर काम केलेलं असतं आणि प्रत्येक बोल्टाखाली विजेची वाट बंद झालेली असते.

माप असं घ्या. दिवा पेटलेला ठेवा. मीटर २० व्होल्ट डीसीवर. एक टोक बल्बच्या पितळी अंगाला, दुसरं थेट बॅटरीच्या अर्थच्या खुंटीला, म्हणजे टर्मिनलच्या क्लॅम्पला नव्हे तर शिशाच्या खुंटीला. मागच्या दिव्यासाठी ती लांब वायर इथे कामाला येते. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक. ०.५ असेल तर काम निघालं. १ व्होल्ट किंवा जास्त असेल तर मंद दिव्याचं कारण बहुधा हातीच लागलं.

आता बॅटरीच्या खुंटीवरचं टोक तिथेच ठेवून दुसरं एकेक पायरी बॅटरीकडे आणा: बल्बचं अंग, होल्डर, दिव्याचं घर, मडगार्डचा पत्रा, मुख्य बॉडी, बॅटरीचा अर्थ पट्टा, क्लॅम्प. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो, दोष त्यांच्या मधे. मडगार्ड बोल्टने बसवलेली असतील तर मडगार्ड आणि मुख्य बॉडी यांच्या सांध्यात हमखास सापडतो.

दुरुस्ती: बोल्ट काढा, रुपयाएवढी जागा पत्रा दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून व्हॅसलिन लावा. सांधे फारच गंजलेले असतील तर प्रत्येक दिव्याच्या घरापासून दीड चौरस मिलिमीटरची काळी वायर ओढून बॉडीवर एका चांगल्या जागी आणा. दिसत नाही, मूळ रूपाला धक्का लागत नाही आणि पुन्हा त्रास देत नाही.

> सावध: मीटरच्या कंटिन्यूटीच्या (वाट जोडलेली आहे एवढंच सांगणाऱ्या) ‘पीं’ आवाजावर अर्थिंग पास करू नका. ०.१ ओहमचा खराब सांधाही मीटरला चांगला वाटतो. त्यातून ८ अँपिअर गेले की ०.८ व्होल्ट तिथेच खर्च होतात.

## टप्पा ४: फ्यूज

जुन्या ल्युकस फ्यूजपेटीत दोनच फ्यूज असतात. ए१-ए२ (ही पेटीवरच्या टर्मिनलांची नावं) मधला हॉर्नसारख्या कायम सप्लाय लागणाऱ्या गोष्टींचा. ए३-ए४ मधला इग्निशन चालू असताना चालणाऱ्यांचा: ब्रेक लाइट, इंडिकेटर, वायपर. ब्रेक लाइट, इंडिकेटर आणि वायपर एकदम बंद पडले असतील तर दुसरीकडे कुठे न पाहता ए३-ए४ पाहा.

इथे एक मोठी फसगत होते. जुन्या ल्युकस काचेच्या फ्यूजवर लिहिलेला ३५ अँपिअर हा फ्यूज उडायचा आकडा आहे. सतत वाहून न्यायची त्याची क्षमता सुमारे निम्मी, १७ अँपिअरच्या आसपास. आजच्या फ्यूजवर लिहिलेला आकडा मात्र सतत चालण्याचा असतो. म्हणून ३५ वाचून आजच्या पद्धतीचा ३५ चा फ्यूज घातला तर संरक्षण जवळपास गेलंच, वायर आधी जळेल. आजचा फ्यूज घालायचा असेल तर १५ किंवा फार तर २० चा घाला. चांदीचा कागद किंवा वायरीची तार गुंडाळून फ्यूज ‘बांधणं’ कधीही नको, घरी पोचण्यापुरतंसुद्धा नको.

फ्यूज शाबूत असला तरी त्याच्या क्लिपा सैल किंवा काळ्या पडलेल्या असू शकतात. सर्किट चालू ठेवून मीटरची दोन टोकं फ्यूजच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूवर ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर क्लिपा घासा आणि आत दाबून घट्ट करा. हात लावून पाहा: फ्यूजची टोपी तापते म्हणजे संपर्क खराब.

## टप्पा ५: सप्लायच्या वाटेवर व्होल्ट मोजत जा

या टप्प्यात घाई करू नका. बाकी सगळ्यांपेक्षा जास्त दोष इथेच सापडतात, आणि बहुतेक जण हाच टप्पा गाळतात.

आधी दिवा बंद ठेवून मोजणं का फसवं ते समजून घ्या. वायरीतल्या चौदा तारांपैकी तेरा तुटल्या आणि एक उरली, तरी बल्ब काढलेल्या होल्डरमध्ये मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल, कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. त्याच जागी २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा, तो निखाऱ्यासारखा लाल होऊन बसेल. आता खरं कळलं.

डिपर लावा, इंजिन बंद. मीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर पक्कं लावून ठेवा. दुसरं टोक घेऊन सप्लायच्या वाटेने चाला आणि प्रत्येक ठिकाणचा आकडा वहीत लिहा. समजा असे आकडे आले:

- बॅटरीची खुंटी: १२.४
- हेडलाइटच्या स्विचमध्ये शिरताना: १२.२
- स्विचमधून बाहेर पडताना: ११.५
- डिपर स्विचमधून बाहेर पडताना: ११.३
- बल्बचा सप्लायचा संपर्क: १०.६
- बल्बचं पितळी अंग, म्हणजे अर्थची बाजू: ०.४

बल्बला मिळाले १०.६ वजा ०.४, म्हणजे १०.२ व्होल्ट. सव्वादोन व्होल्टच्या आसपास वाटेत गेले. ऐकायला फार वाटत नाही. पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, कितीतरी वेगाने उतरतो. व्होल्ट १० टक्के कमी झाले की उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. वरच्या उदाहरणात उजेड जवळपास निम्मा झाला आहे. अशा गाडीत कितीही महाग बल्ब घातला तरी तो निम्म्यावरच जळणार.

आता आकड्यांच्या मधल्या उड्या पाहा. पहिली ०.२ ची, मान्य. स्विचमध्ये ०.७ ची, दोष. डिपरमध्ये ०.२, वयाच्या मानाने ठीक. डिपर ते बल्ब ०.७, तिथे पुढच्या जाळीमागचे बुलेट जोड (वायरीचं गोळीसारखं पितळी टोक स्लीव्हमध्ये बसवलेले जोड) आहेत, दोष. अर्थ ०.४, काम हवं. तीन जागा हाती आल्या आणि एकही भाग विकत घेतलेला नाही. एका जोडावर ०.१ आणि संपूर्ण सप्लायच्या वाटेवर ०.५ व्होल्ट, एवढी तूट चालवून घ्या. त्यापुढे नको.

हरवलेले व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात. ०.७ व्होल्ट आणि ७ अँपिअर म्हणजे सुमारे ५ वॅट, पार्किंगचा एक बल्ब स्विचच्या पोटात पेटवून ठेवल्यासारखं. स्विचचं बेकेलाइट तडकतं, वायरीचं वेष्टण कडक होतं, ते यामुळे.

बुलेट जोड साफ करताना ते पक्कडीने दाबून ‘घट्ट’ करू नका, जुनी स्लीव्ह फाटते. बुलेट बाहेर काढा, चकचकीत करा, स्लीव्ह नवी घाला. वायर बुलेटच्या मुळाशी हिरवी पडली असेल तर तेवढी कापून चांगलं तांबं लागेपर्यंत मागे या आणि नवं बुलेट डाख लावून बसवा. तारा पिळून त्यावर टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यापर्यंत टिकतो.

> ६ व्होल्टची गाडी असेल तर: त्याच वॅटसाठी करंट दुप्पट असतो, आणि अर्ध्या व्होल्टची तूट टक्केवारीत दुप्पट पडते. वरच्या सगळ्या मर्यादा निम्म्या धरा.

## टप्पा ६: स्विच आणि पायाचा डिपर

स्विच दोषी ठरला तरी तो लगेच फेकू नका. जुना पितळी आणि बेकेलाइटचा स्विच साफ होतो. बॅटरी सोडवा, वायरींना चिकटपट्टीवर नावं लिहून लावा, मोबाइलवर फोटो काढा, मगच स्क्रू सैल करा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्विच वीस-पंचवीस वेळा मागेपुढे करा आणि टप्पा ५ चं माप परत घ्या. तूट ०.२ च्या आत आली तर तोच स्विच ठेवा. बाजारातल्या नव्या नकलांपेक्षा तो बऱ्याचदा जास्त चालतो.

पायाचा डिपर जमिनीवर, पायाच्या घाणीत आणि पावसात भिजलेल्या मॅटखाली असतो. अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, किंवा दोन-तीन वेळा दाबल्यावरच लागतो, असं असेल तर स्विच खोलून वाळवा. संशय पक्का करायचा असेल तर निळी वायर आणि निळी-लाल वायर यांना एका छोट्या जाड वायरने क्षणभर जोडा. दोन्ही डिपर झळाळून उठले तर दोष डिपरच्या स्विचचाच. हा प्रयोग सर्किट चालू असताना करायचा आहे, तेव्हा वायरीचं टोक बॉडीला लागू देऊ नका. फ्यूज नाही, हे लक्षात असू द्या.

## टप्पा ७: शॉर्ट शोधायचा असेल तर

फ्यूज घातला की उडतो. लोक एकामागून एक फ्यूज जाळत बसतात, आणि वैतागून जाड तार घालतात. त्याऐवजी फ्यूजच्या जागी तो २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. शॉर्ट असला तरी करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ शकत नाही, म्हणून शांतपणे शोधता येतं.

त्या सर्किटमधले सगळे बल्ब आधी काढून घ्या. नाहीतर टेस्ट लॅम्प त्यांच्यामुळेही पेटेल आणि गोंधळ होईल. मग स्विच लावा. टेस्ट लॅम्प पूर्ण उजेडाने पेटला तर शॉर्ट अजून आहे. आता एकेक बुलेट जोड सोडवत जा. ज्या जोडाला लॅम्प विझतो, त्याच्या पुढच्या फांदीत दोष. मग त्या फांदीची वायर हलवत, वाकवत जा आणि लॅम्पवर नजर ठेवा.

हेडलाइटला फ्यूज नसेल तर हाच लॅम्प बॅटरीची खुंटी आणि काढलेली अर्थची वायर यांच्या मधे लावा. गाडीतलं घड्याळ, दारांचा दिवा वगैरे आधी बंद करा.

वायर कुठे घासते? हेडलाइटच्या बादलीला मागे जे भोक असतं तिथे, रबरी ग्रोमेट सुकून गळून पडलेलं असतं. बॉनेटमागच्या आडव्या पत्र्यातून हार्नेस आत येतो तिथे. डिकीच्या बिजागरीपाशी, कारण झाकण उघडता-मिटताना वायर रोज वाकते. सीटच्या रुळाखाली. नंबर प्लेटच्या दिव्याच्या घरात. आणि नंतर कोणी फॉगलाइट किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना मारलेल्या स्क्रूच्या टोकापाशी.

> सावध: टेस्ट लॅम्पचा बल्ब तापतो. तो सीटवर किंवा मॅटवर टेकवून ठेवू नका.

## टप्पा ८: ब्रेक लाइट आणि इंडिकेटर

दोन्ही ब्रेक लाइट बंद असतील आणि फ्यूज चांगला असेल तर ब्रेकचा स्विच पाहा. या गाड्यांत तो बहुधा ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो आणि पाइपच्या जोडावर बसलेला असतो. इग्निशन चालू करून त्याची दोन टर्मिनलं एकमेकांना जोडा. दिवे लागले तर स्विच गेला. तो बदलताना तेलाची लाइन उघडते, म्हणून नंतर ब्रेक ब्लीड करणं, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, आलंच. स्विचच्या टर्मिनलपाशी ओल दिसली तर ती साधी समजू नका, ब्रेक ऑइल गळतंय. दिव्यांचं काम बाजूला ठेवा आणि ते आधी करा.

इंडिकेटरचा जुना फ्लॅशर उष्णतेवर चालतो. त्याला दोन २१ वॅटच्या बल्बांचा करंट लागतो. एक बल्ब गेला, कमी वॅटचा बसवला किंवा एका बाजूचं अर्थिंग खराब झालं की लुकलुकण्याची गती बदलते किंवा थांबते. म्हणून एकाच बाजूचा दोष असेल तर फ्लॅशर निर्दोष आहे: तो दोन्ही बाजूंना सामाईक असतो. एलइडी बल्ब घातल्यावर जुना फ्लॅशर चालत नाही, कारण एलइडी पुरेसा करंटच ओढत नाहीत.

## टप्पा ९: कधी लागतो, कधी नाही

असा दोष गॅरेजमध्ये उभ्या गाडीत सापडत नाही. मीटरची लांब वायर आत घेऊन संशयित जागेचं माप चालू ठेवा, मदतनीसाला मीटर धरायला सांगा आणि खडबडीत रस्त्यावर हळू चालवा. आकडा नाचू लागला की जागा मिळाली. पंधरा मिनिटं दिवे लागल्यावर बंद पडत असतील तर तापणारा जोड शोधा: दिवे बंद करून लगेच प्रत्येक जोडाला हात लावा.

बल्ब वारंवार उडत असतील तर इंजिनाला रेस देऊन बॅटरीवर मोजा. १५ व्होल्टच्या वर जात असेल तर चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, बल्बांचा दोष नाही.

## टप्पा १०: रिले आणि मोठे बल्ब, सगळ्यात शेवटी

वरचं सगळं करून झाल्यावर मूळ ४५/४० वॅटचे बल्बसुद्धा लोकांना चकित करतात. तरीही जास्त उजेड हवा असेल तर हिशेब करा. जुना ल्युकस सी४० डायनॅमो पूर्ण जोरात २२ अँपिअर देतो, सी३९ तर १९ च. ६०/५५ वॅटचे दोन हॅलोजन अप्परवर १० अँपिअर घेतात. १००/९० चे दोन सुमारे १७. पावसाच्या रात्री वायपर, टेल आणि इग्निशन धरून काहीच उरत नाही, बॅटरी रिकामी होत जाते. डायनॅमोच्या गाडीत ६०/५५ च्या पुढे जाऊ नका.

हॅलोजन घालत असाल तर डिपरला एक आणि अप्परला एक असे दोन रिले बसवा, म्हणजे जड करंट जुन्या स्विचमधून जाणार नाही. रिलेच्या टर्मिनलांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीकडून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ किंवा २० चा फ्यूज. ८७ वरून दिव्याकडे. ८५ आणि ८६ पैकी एकाला डिपरकडून येणारी जुनी वायर, दुसऱ्याला अर्थ. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत डायोड नसलेला साधा रिले घ्या. रिलेमुळे सप्लायची बाजू सुधारते, अर्थची नाही. टप्पा ३ न करता रिले बसवणाऱ्यांचे दिवे पुन्हा मंद राहतात ते याच कारणाने.

> शेवटची तपासणी: टप्पा ३ आणि टप्पा ५ ची मापं नव्याने घ्या आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. दिवे पंधरा मिनिटं चालू ठेवा. फ्यूज, स्विच, डिपर, बुलेट जोड यांपैकी काहीही हाताला गरम लागता कामा नये. मग भिंतीसमोर हेडलाइटचा रोख बसवा, कारण उजेड वाढला की चुकलेला रोख समोरच्याच्या डोळ्यांत जातो. वहीतलं ते पान ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच मापं घेतली की कोणता जोड बिघडतोय ते दिवा मंद पडायच्या आधी दिसेल.